उसने दिलेले डोळे

मावशींचं काम टचिंगचं, म्हणजे फोटो दुरुस्त करून देखणे करण्याचं. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्या चाळीस वर्षं बसत होत्या. आधी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत, पुढे कॉम्प्युटरवर माउस. डाग, ओरखडे काय, कोणीही काढील. मावशींचा हातखंडा होता डोळ्यांत. ऐन क्षणी ज्याची पापणी मिटली त्याला त्याच्याच भावाबहिणीचे डोळे त्या असे बेमालूम बसवून द्यायच्या, की घरच्यांनाही पत्ता लागू नये.

एका सोमवारी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. सुनेने नवा आणला, डिस्कवरच्या सगळ्या फाइली त्यात उतरवल्या. पण वीस वर्षांपूर्वी खोक्यासकट विकत घेतलेलं सॉफ्टवेअर काही केल्या त्यात चढेना.

"आई, ते आता विकतच नाहीत. नुसतं सबस्क्रिप्शन. दरमहा पैसे भरायचे, भाड्यासारखे."

"आणि माझं लायसन्स? खोक्यावर चक्क 'आजीवन' लिहिलंय!"

"आजीवन म्हणजे त्याचं जीवन, तुमचं नव्हे."

"अगं, शिंप्याने कात्री भाड्याने आणावी तसलं झालं हे!"

"सात दिवस फुकट वापरता येतं. बघा तरी."

"काही नको," म्हणून मावशींनी विषय मिटवला. पण मंगळवारी सकाळीच निवृत्त नर्सबाई आल्या आणि तो पुन्हा निघाला.

नर्सबाईंचा धाकटा भाऊ ऐन तिशीत गेला होता. त्याच्या एकुलत्या एका चांगल्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले होते, म्हणून मावशींनी त्याला नर्सबाईंचे बसवून दिले होते. तो फोटो भिंतीवर लागूनही आता पंधरा वर्षं झाली.

"मावशी, रोज सकाळी माझेच डोळे माझ्यावर रोखलेले असतात हो," नर्सबाई म्हणाल्या. "तो खदखदून हसला की डोळे मिटायचा. मला तो तसाच हवाय. मूळ फोटो घर बदलताना कुठे गेला, देव जाणे."

मावशींच्या फाइलीत फोटोवर एकावर एक थर असायचे, पारदर्शक कागद रचावेत तसे. वरचा उचलला की खालचं मूळ दिसणार. "एवढंच ना!" म्हणत त्यांनी सुनेला ते सात दिवस सुरू करायला सांगितलं. भावाची फाइल उघडली, नर्सबाईंच्या डोळ्यांचा थर बाजूला केला. खाली दोन कोरी भोकं होती.

तेव्हा डिस्कवर जागा कमी म्हणून त्या कापलेला तुकडा टाकून द्यायच्या. हा मात्र टाकला नव्हता, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. इतक्या सुंदर हसऱ्या पापण्या वाया घालवायला जीव धजला नाही, म्हणून त्या दुसऱ्या कोणाला तरी लावल्या होत्या. कोणाला? थराला 'अमक्याचे डोळे' असं नाव द्यायची त्यांची शिस्त होती, पण ते नाव घेणाऱ्याच्या फाइलीत असायचं, देणाऱ्याच्या नाही. छापून दिलं की काम संपलं, म्हणून या सॉफ्टवेअरशिवाय उघडेल अशी साधी प्रतही कधी ठेवली नव्हती. स्क्रीनवर सहाशे फाइलींचे कोरे चौकोन दिसत होते आणि ते उघडायची किल्ली सात दिवसांची.

"मिळतील?" नर्सबाईंनी विचारलं.

"सोमवारी या," मावशी म्हणाल्या. सापडतील याची मात्र त्यांनाच खात्री नव्हती.

मग दोघी सासू-सुना एकेक फाइल उघडत बसल्या. बुधवारी कळलं, की एकच काळा कोट अकरा जणांच्या अंगावर आहे.

"आई, हा कोट होता तरी कोणाचा?"

"तुझ्या सासऱ्यांचा. एवढा तर त्यांनी स्वतःही वापरला नाही."

गुरुवारी एका बँकेच्या मॅनेजरला मावशींचेच दात निघाले. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. भीती कधी मागे पडली ते कळलं नाही; पुढच्या चौकोनात काय असेल याचीच उत्सुकता लागली.

रविवारी दुपारी एका गाण्याच्या मास्तरांची फाइल उघडली. मूळ फोटोत मास्तर चोर पाहिल्यासारखे डोळे फाडून बघत होते, हे मावशींना लगेच आठवलं; त्यांना गाण्यात तल्लीन झालेलं दिसायचं होतं. वरच्या थराचं नाव: 'नर्सबाईंच्या भावाचे'.

मावशींनी ते अलगद उचलून, रंग जुळवून, ज्याचे त्याला परत बसवले.

सोमवारी नर्सबाईंनी फोटो हातात धरला. त्या पापण्यांवरून बोट फिरवलं. "हा. हाच."

"एक विचारायचं होतं," मावशी चाचरत म्हणाल्या. "हे डोळे मधल्या काळात गाण्याच्या मास्तरांकडे होते. त्यांच्या भिंतीवर अजूनही असतील. राहू द्यायचे का तिथे?"

नर्सबाईंना हसू फुटलं. "राहू द्या! आमच्या धाकट्याला जन्मात एक सूर लागला नाही."

त्या गेल्यावर सुनेने विचारलं, "आई, आज शेवटचा दिवस. बंद करू ना?"

मावशींची नजर उरलेल्या चौकोनांवर होती. "एक महिना घे. दोनशे फाइली राहिल्यात, आणि एका पोस्टमास्तरांना मी कोणाचे कान लावलेत ते अजून सापडलेलं नाही."