करंजी फिरून माहेरी

आमच्या घरात गेल्या दिवाळीला गोडाला बंदी होती. त्याच दिवाळीत आमच्या घरात जेवढं गोड आलं, तेवढं माझ्या लग्नातही आलं नव्हतं.

बंदी मीच घातली होती. माझा मुलगा संजय चाकणला एका कंपनीत क्रेन चालवतो. चाळिशी ओलांडलेला बाप्या, पण हवेत जरा गारवा आला की त्याला करंजीची आठवण येते, जशी लहान पोराला आईची येते. (आई समोरच बसलेली असते. तिची येत नाही.) दिवाळीच्या तोंडावर कंपनीच्या डॉक्टरनं त्याला तपासलं आणि सांगितलं, साखर वाढली आहे. दिवाळी झाल्यावर पुन्हा बघू. तेव्हाही उतरली नाही तर क्रेनवरून खाली उतरा आणि स्टोअरमध्ये बसा.

संजयला स्टोअर म्हणजे जन्मठेप. कामाला लागल्यापासून तो जग वरून बघत आलाय. खाली खुर्चीत बसून नट-बोल्ट देणं-घेणं त्याच्याच्यानं व्हायचं नाही. त्या दिवशी तो भाकरी अर्धी टाकून उठला. संजय भाकरी टाकतो म्हणजे प्रकरण साधं नाही, हे मी ओळखलं.

सून मनीषा हिंजवडीला कामाला. सकाळी कंपनीची गाडी तिला घेऊन जाते आणि ट्रॅफिकनं सोडलं तर परत आणते. ती म्हणाली, "आई, तुम्हीच लक्ष ठेवा. मी घरात असते कुठं?" या वर्षी फक्त भाजक्या पोह्यांचा चिवडा करायचा, तेलही बेतानं घालायचं, असं तिनं बजावलं. मी तिच्या एक पाऊल पुढं गेले. साखरेचा डबाच उचलला आणि माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवून कुलूप लावलं. (मुंग्यांना कुलूप समजत नाही. माझी जांभळी इरकल त्यांनी चाळून काढली. असो.)

बंदोबस्त चोख झाला असं मला वाटलं. पण आम्ही राहतो काळेवाडीत. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी लातूरचं, कोणी चिपळूणचं, कोणी साताऱ्याकडचं. दिवाळी आली की जो तो आपल्या गावची चव ताटात घालून दारोदार पाठवतो. वसुबारसेपासूनच ताटं यायला लागली. लाडू, अनारसे, शंकरपाळ्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सुरेखाच्या करंज्या. वर विणलेला रुमाल, खाली साखरच साखर!

आता शेजारचं ताट रिकामं परत करायचं नसतं. हे मला सासूनं शिकवलं आणि तिला तिच्या सासूनं. साखर येते म्हणून काय रीत मोडायची? पण घरात द्यायला होता तो फक्त चिवडा. चिपळूणवाल्यांच्या ताटात लाडवांच्या बदल्यात मी चिवडा घालून पाठवला, तर त्यांच्या घरून लगेच विचारणा आली, काकूंची तब्येत बरी आहे ना?

मग मला अक्कल सुचली. चिपळूणचे लाडू साताऱ्याच्या ताटात घालायचे आणि साताऱ्याचे अनारसे चिपळूणच्या ताटात. घरात गोड टिकणार नाही, ताटही रिकामं जाणार नाही. दारात उभी राहून मी चौकातल्या पोलिसासारखी इकडचा माल तिकडं आणि तिकडचा इकडं सोडत होते. एकदा थोडं उरलं ते माझ्या ताटातून एका घरी देऊन मोकळी झाले, तर माझंच ताट दुप्पट भरून परत आलं! संजय कामावरून यायच्या आत सगळं दाराबाहेर गेलं पाहिजे, म्हणून माझी नुसती धावपळ. गुडघ्यांची दिवाळी झाली ती निराळीच.

सुरेखाच्या करंज्या मी दुसऱ्या मजल्यावर शमीमभाभीला दिल्या. तिच्या नवऱ्याचं गॅरेज आहे. तिच्या घरी फराळ करत नाहीत, पण आमचं ताट दरवर्षी जातं. तिनं त्या ताटातून मला केळी आणि सफरचंदं पाठवली. फळं बघून मी खूश झाले. आपली युक्ती लागू पडली म्हणून स्वतःशीच हसले.

ते हसू संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी दारात सुरेखा उभी, हातात करंजी, मागं शमीमभाभी.

"मावशी, ही करंजी कुणाची हाय?"

मी म्हणाले, "चष्मा नाही गं डोळ्यावर."

"डोळ्यावरच हाय की चष्मा. आता नीट बघा. ह्या बिल्डिंगीत करंजीला हातानं मुरड घालते ती मी एकटी. तुम्ही सगळ्या कातण्यानं कापून मोकळ्या होता."

खरं होतं. तिची मुरड म्हणजे सही. वेणी घातल्यासारखी काठावरून वळत जाते. मी एवढ्या उलाढाली केल्या, पण ही गोष्ट काही माझ्या डोक्यात आली नाही. झालं होतं असं, की सुरेखाचं ताट शमीमभाभीकडंही गेलेलं. ते परत करायचं म्हणून भाभीनं मी दिलेल्या करंज्या त्यात घातल्या, आणि सुरेखाची करंजी दोन घरं हिंडून पुन्हा सुरेखाच्याच दारात उभी राहिली.

भाभी बिचारी म्हणाली, "मला काय माहीत काकू. आमच्याकडं सगळ्यांचं येतं, मी सगळं मिसळून सगळ्यांना देते. कैक वर्षं तसंच चाललंय." (म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये कोण कुणाचं खातं हे देवालाच माहीत.)

सुरेखाला हसू आलं नाही. ती हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या हातचं तुमच्या घरात चालत न्हाई का?"

यावर थाप कशी मारायची? मी खरं ते सांगितलं. संजयची साखर, डॉक्टर, क्रेन, स्टोअर, सगळं. ऐकता ऐकता सुरेखा जिन्याच्या पायरीवर बसली. "आन् हे पोटात ठेवून तुम्ही ताटं फिरवत बसलात व्हय?" म्हणाली, आणि हातातली करंजी तिनं तिथंच खाऊन टाकली, पुरावा नको म्हणून.

दिवे लागायच्या आत सगळ्या मजल्यांवर बातमी पोचली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ताटं सुरू. आता त्यांत मेथीचे लाडू, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. त्या ताटांतून मात्र माझा भाजका चिवडा सगळ्यांना चालायला लागला. संजय खाली गाडी पुसायला गेला तरी कोणीतरी विचारायचं, "काय राव, शुगर उतरली का?" भाऊबीजेला त्यानं खाली कुणाच्या तरी ताटातला अर्धा लाडू उचलला, तर चारी बाजूंनी हात आले. तो वर येऊन माझ्यावर फुगून बसला.

"आई, लोकं फराळ वाटतात. तू माझी शुगर वाटलीस."

पण इलाज नव्हता. सगळी बिल्डिंग पहाऱ्याला असल्यावर माणूस खाणार काय? केळीसुद्धा भाभीनं परत नेली.

दिवाळी झाली आणि पुन्हा तपासणी झाली. त्या दिवशी मी सकाळचा चहा तीनदा गरम केला आणि प्यायलेच नाही. दुपारी संजय पहिल्या शिफ्टवरून आला, चपला काढल्या आणि म्हणाला, "आई, उतरली साखर. क्रेनवरच आहे मी."

मी काही रडले-बिडले नाही. पायात चपला सरकवल्या, तडक कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडं गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. देवापुढं ठेवला, नमस्कार केला, आणि पहिला पेढा उचलून संजयच्या तोंडापुढं धरला.

तो मागं सरकला. "अगं आई, काय करतेस?"

मी म्हणाले, "गप बस. एवढी आनंदाची बातमी, तोंड गोड नको करायला?" आणि दिला कोंबून.

दारात सुरेखा उभी होती. तिनं कपाळावर हात मारला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तोवर दुसरा पेढाही त्याच्या तोंडात गेला होता. शुभ कामाला एकच कसा द्यायचा?