शेपटाच्या मागे कोणी नसतं

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, डोंगर चढणाऱ्या त्यांच्या टोळीत सगळे 'शेपूट' म्हणतात. ही शिवी नाही, हुद्दा आहे. चढाईत वाट ठाऊक असलेला माणूस सर्वांच्या पुढे आणि शेपूट सर्वांच्या मागे. कोणाच्या बुटाची नाडी सुटली, कोणाला धाप लागली, कोणाला ऐन कड्याजवळ फोटो काढायची हौस आली, की शेपूट त्याच्यासाठी थांबणार. सगळ्यात शेवटी तो वर पोचतो आणि एकच वाक्य बोलतो, "मागे कोणी नाही. चला." ते वाक्य ऐकल्याशिवाय कोणी डबा उघडायचा नाही. तीस वर्षं दर रविवारी भाऊजींनी हे वाक्य म्हटलं, आणि तीस वर्षांत त्यांच्या मागे एकही माणूस राहिला नाही.

टोळीचा दुसरा नियम नवख्यांसाठी. वाट चुकलात तर शहाणपणा करून शोधत फिरायचं नाही. जिथे चुकलात तिथेच बसायचं आणि तीनदा शिट्टी वाजवायची. शेपूट येईपर्यंत जागचं हलायचं नाही.

ताई त्यांना तिथेच भेटली. पहिल्याच चढाईत ती चुकली आणि एका दगडावर बसून शिट्टी वाजवत राहिली. हे धापा टाकत पोचले तर म्हणाली, "उशीर केलास." ओळख ना पाळख, थेट अरे-तुरे. लग्नानंतरही तेच चालू राहिलं. आमच्या आईला ते मरेपर्यंत पटलं नाही.

भाऊजींचं पोट लिफ्टवर. लिफ्ट बंद पडली की पिशवी खांद्याला मारून जिना चढायचा, अगदी वरच्या मशीनच्या खोलीत जायचं आणि बिघाड शोधायचा. ते राहतात त्या अकरा मजली इमारतीची लिफ्टही त्यांच्याकडेच. स्वतः मात्र सातव्या मजल्यावरच्या घरी जिन्यानेच जातात. लोकांना आयुष्यभर उचलून वर नेणारा माणूस स्वतः पायी. मी म्हणायचे, हा म्हणजे उपाशी राहणारा आचारी.

मला हे डोंगराचं खूळ कधी कळलं नाही. उतरायचंच आहे तर चढायचं कशाला, असं मी तोंडावर विचारायचे. माझ्या तोंडामुळेच भाऊजी मला मिरची म्हणतात. ते चिडायचे नाहीत. "पाय लहान टाक मिरचे, म्हणजे दम लागत नाही. एवढंच आहे त्यात."

पंचावन्नाव्या वर्षी ताई विसरायला लागली. आधी चष्मा, मग पेटवलेला गॅस, मग माझं लग्न झालंय हे. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. मी डॉक्टरांशी भांडले, जणू त्यांनीच केलं होतं. भाऊजींनी एकच प्रश्न विचारला, "चालता येईल ना तिला?"

"पाय तसे उशिरा जातात," डॉक्टर म्हणाले.

"मग बघू," भाऊजी म्हणाले. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही. पाय लहान टाकायचे आता."

वर्षभराने डोंगर सुटला. वाटेत ती मध्येच वळायची, अनोळखी माणसांबरोबर चालू लागायची. मग भाऊजींनी जिन्याचाच डोंगर केला. रोज सकाळी ताईच्या पाठीवर तिची जुनी सॅक, सॅकमध्ये पाण्याची बाटली, आणि दोघं सात मजले उतरून सात मजले चढायची. ताई पुढे, भाऊजी मागे. सातव्यावर आली की ते म्हणायचे, "आलं घर." त्यांनी सांगितलं नाही तर ती थांबायची नाही. आणि गळ्यात शिट्टी.

त्या शिट्टीबद्दल सांगायलाच हवं. ताई घरातल्या घरात चुकायची. न्हाणीघरातून बाहेर आली की कुठल्या खोलीत आलो ते तिला कळायचं नाही. मग ती खाली बसायची आणि तीनदा शिट्टी. भाऊजी असतील तिथून म्हणायचे, "आलो." दिवसातून पंधरा-वीस वेळा. आठव्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी तक्रार केली, मग सोसायटीचं पत्र आलं. मी म्हटलं, काढून घ्या ती. भाऊजी म्हणाले, "मिरचे, तिच्याकडे तेवढंच उरलंय."

"आणि तुमच्याकडे? तीन वर्षं सलग दोन तास झोपला नाहीत तुम्ही. तुम्ही कोसळलात तर दोघांना कोण बघणार?"

 मी ताईचे केस विंचरता विंचरता शिट्टीची दोरी तिच्या डोक्यावरून काढली आणि शिट्टी माझ्या पर्समध्ये टाकली. भाऊजींनी पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं. ते दमले होते, म्हणून ऐकलं. मागितली असती तर मी लगेच परत दिली असती, असं मी अजून स्वतःला सांगते.

त्यानंतर अकरा दिवसांनी, एका गुरुवारी, ताई हरवली.

भाऊजी पलीकडच्या रस्त्यावर कामाला गेले होते आणि मी तिच्यापाशी होते. सकाळी नऊला मी आंघोळीला गेले. दहा मिनिटं, फार तर बारा. बाहेर आले तर दार उघडं, खुंटीवर सॅक नाही, ताई नाही.

मी सात मजले धावत उतरले. वॉचमन म्हणाला, "मावशी इथून गेल्या नाहीत. मी सकाळपासून जागाच आहे." त्याला जागा मी आजवर पाहिला नव्हता. मी त्याला नको नको ते बोलले आणि रस्त्याला लागले.

भाऊजी आले, पोलिसांत गेलो, टोळीला फोन केले. बँकेतला, दवाखान्यातली, शिंपी, दोन निवृत्त, असे चौदा जण हातातलं काम टाकून आले. बस स्थानक, बाजार, ताईची जुनी शाळा, तळं. चौघे डोंगरावर गेले, कारण सॅक घेऊन निघाली म्हणजे तिकडेच, यात कोणाला शंका नव्हती. ऊन असं की डांबर मऊ झालं होतं, आणि तिच्याकडे एक बाटली पाणी.

ती घरी परत आली असेल या आशेने भाऊजी दिवसभरात चारदा घरी येऊन गेले. चारही वेळा लिफ्टने. मी त्यांना लिफ्टचं बटण दाबताना बघितलं. हा माणूस लिफ्टने जातोय म्हणजे याच्याकडे आता वेळ उरलेला नाही.

पाचच्या सुमाराला डोंगरावरून फोन आला. तिथे ती नव्हती. भाऊजी रस्त्याच्या मधल्या कठड्यावर बसले, दोन्ही बाजूंनी गाड्या चाललेल्या. पायातले बूट काढून त्यांनी शेजारी ठेवले, जणू आता त्यांचं काही काम उरलं नव्हतं.

"तीस वर्षं परक्यांना मोजून खाली आणलं," ते म्हणाले, "आणि माझीच राहिली मागे."

"सापडेल हो."

"शिट्टी असती तर सापडली असती."

ते मला बोलले नाहीत, स्वतःशीच बोलले. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. पर्स माझ्या काखेत होती, तिच्यात शिट्टी होती, आणि सबंध दिवसात मला ते बोलायचं धैर्य झालं नव्हतं. मला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं, हे अगदी खरं सांगते. भाऊजींना हाताला धरून उठवलं, त्यांचे बूट मीच त्यांच्या पायात घातले आणि घरी आणलं.

साडेसहाला इमारतीच्या दारात पोचलो आणि वीज गेली. वळवाचं आभाळ भरून अंधारून आलंच होतं. वॉचमन पळत आला. "काका, लिफ्ट अडकली. आठव्या मजल्याच्या मॅडम आत आहेत. ओरडतायत."

मी म्हटलं, "राहू दे तिला आत. तक्रार लिहायला निवांत वेळ मिळेल."

भाऊजी खालच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं, हे आता उठत नाहीत. सहज पाच मिनिटं गेली असतील. वरून दारावर थापा ऐकू येत होत्या. मग त्यांनी पिशवी उचलली. "आत कोणीतरी आहे, मिरचे," एवढंच म्हणाले आणि चढायला लागले. लिफ्ट अशी बंद पडली की अगदी वरच्या खोलीत जाऊन ब्रेक सोडायचा आणि चाक हाताने फिरवून लिफ्टचा पाळणा मजल्याला आणायचा. मी मोबाइलचा उजेड धरून त्यांच्या मागे.

त्यांची पावलं तीच होती, लहान आणि एकसारखी. मागून बघताना मला पहिल्यांदाच कळलं की तीस वर्षांच्या त्या रविवारांनी या माणसाला काय दिलं होतं. चढायला आता कसलंही कारण उरलेलं नसताना पाय चढत होते. सातवा मजला आला तेव्हा त्यांनी घराच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

अकराव्याच्या वर गच्चीचं कुलूपबंद दार, आणि त्याला लागून मशीनची खोली. दारापुढच्या चौकोनात, पाठीवर सॅक, गुडघे जवळ घेऊन, ताई बसली होती.

सबंध दिवस ती आमच्या डोक्यावर होती. दारातून निघाली ती वर गेली, कुलपापाशी वाट संपली, तशी ती चुकली आणि नियमाप्रमाणे बसली. वर आपलं काय आहे, म्हणून आम्ही एकानेही वर पाहिलं नव्हतं. नऊ तास त्या वरच्या जिन्यावर कोणी फिरकलं नाही, कारण लिफ्ट चालू होती. ती भाऊजींनी आदल्याच आठवड्यात झकास दुरुस्त केली होती. 'काखेत कळसा नि गावाला वळसा' मी लोकांना हजारदा ऐकवलं असेल. आता ते शब्द माझ्या तोंडात येत नाहीत.

तिचे ओठ सुकले होते. बाटली रिकामी, साडी ओली. भाऊजी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले.  कसेबसे म्हणाले, "चल, घरी जाऊ."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. वाटेत भेटलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं, नीट, सभ्यपणे.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "आमचं शेपूट यायचंय. ते आल्याशिवाय मला हलता येत नाही."

"अगं, मीच."

"तुमच्या मागे ही बाई आहे ना." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "शेपटाच्या मागे कोणी नसतं."

भाऊजींनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता इथेच मोडणार. पण ते उठले. मला खुणेने ताईच्या पलीकडे, दारापाशी उभं केलं आणि मग एक जिना उतरून खाली गेले. अंधारात क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग ती लहान लहान पावलं. ते पुन्हा वर आले, रिकाम्या जिन्याकडे एकदा वळून पाहिलं आणि म्हणाले, "मागे कोणी नाही. चला."

ताईचा चेहरा उजळला. "उशीर केलास," ती म्हणाली.

"केला खरा."

"शिट्टी सापडेना रे. सगळी सॅक उपसली. मीच कुठेतरी पाडली. रागावू नकोस."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवीतली स्वतःची बाटली तिच्या तोंडाला लावली, आणि खालून पुन्हा थापा ऐकू आल्या तसे मशीनच्या खोलीत गेले. चाकाचा करकर आवाज सुरू झाला. त्यात मध्ये मध्ये त्यांचं रडणं ऐकू येत होतं.

मी ताईजवळ बसले. पर्समधून शिट्टी काढली. "ताई, तू नाही पाडलीस. मी घेतली होती. माझी चूक झाली."

तिने शिट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग जिन्याकडे पाहिलं, खाली, बराच वेळ. भाऊजी येऊन गेले हे तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. मिनिटापूर्वी उजळलेला चेहरा पुन्हा तसाच, नऊ तास वाट पाहिलेला.

"मग वाजव की गं," ती म्हणाली. "तो शोधत असेल."

 मी वाजवली, तीनदा. सगळा जिना खालपर्यंत घुमला.

आतलं चाक थांबलं.

"आलो," भाऊजी म्हणाले.

मास्तरीणबाई आणखी पाच मिनिटं अधांतरी राहिल्या. पुन्हा तक्रार मात्र त्यांनी केली नाही.