वरून पडलेल्या टाकीचा धनी

चिमी माझी धाकटी नणंद. चाळिशी उलटली, नावापुढे डॉक्टर लागलं, पण घरात ती चिमीच राहिली. वेधशाळेत ती सूर्यावर काम करायची. म्हणजे नेमकं काय करायची, हे लग्नानंतर कित्येक वर्षं मला कळलं नव्हतं. एकदा भांडी पुसता पुसता तिनेच सांगितलं.

"वहिनी, सूर्य खवळला ना, की पृथ्वीची सगळ्यात वरची हवा तापून फुगते. तिथे फिरणारे उपग्रह त्या हवेला घासतात आणि हळूहळू खाली उतरायला लागतात. कोणता उपग्रह कधी आणि किती उतरेल, त्याचा मी अंदाज बांधते."

"अंदाजच ना!" मी म्हणाले. मी शाळेत गणित शिकवते. उत्तर बरोबर नाही तर चूक, एवढंच मला कळतं. ती नुसती हसली.

आमच्या शहराच्या कडेला एक बेकरी आहे. एका दुपारी तिथलं पत्र्याचं छप्पर फोडून धातूची एक गोल टाकी थेट भट्टीवर आदळली. बेकरीवाला पुढच्या दुकानात गिऱ्हाइकाला ब्रेड बांधून देत होता, म्हणून वाचला. त्याच्या बायकोच्या खांद्यावर मात्र भट्टीच्या विटा पडल्या. पुढे कित्येक महिने तिचा उजवा हात वर होत नव्हता. टाकी होती एका निकामी झालेल्या उपग्रहाची. बाकीचा उपग्रह वरच जळून गेला, आणि इंधनाची टाकी तेवढी उरली, ती बरोबर या बिचाऱ्यांच्या बेकरीत उतरली.

टाकीवर कंपनीचा शिक्का होता, त्यामुळे ती आपली नाही असं म्हणायची कंपनीला सोय नव्हती. पण कंपनीचं म्हणणं असं, की सूर्य अचानक खवळला, त्याला आम्ही काय करणार? ही नैसर्गिक आपत्ती. बेकरीवाल्याने एका वकिलाला गाठलं, तर त्या वकिलाने त्याला आणखी एक गंमत सांगितली. उपग्रह दुसऱ्या देशात पडला असता, तर आंतरराष्ट्रीय करारानुसार भरपाई मिळाली असती, चूक कोणाची हे न विचारता. कंपनी आपल्याच देशातली आणि छप्परही आपल्याच देशातलं, तेव्हा तो करार लागू नाही. आता चूक कंपनीची होती, हे तुम्हीच सिद्ध करा.

"म्हणजे माझी बेकरी सरहद्दीपलीकडे हवी होती?" बेकरीवाल्याने विचारलं.

"कायद्याच्या दृष्टीने, हो," वकील म्हणाले.

सूर्याची माहिती असलेला साक्षीदार हवा, म्हणून वकील वेधशाळेत आले आणि चिमी कोर्टात उभी राहिली. मी रजा काढून ऐकायला गेले होते. तिने छान समजावून सांगितलं. सूर्य खवळणार असा इशारा कित्येक महिने आधीच जाहीर झाला होता, हा उपग्रह लवकर खाली येण्याची शक्यता मोठी होती, वगैरे. मग कंपनीचे वकील उठले. उंच, शांत माणूस.

"डॉक्टर, तुमची खात्री होती?"

"दहात नऊ शक्यता होती."

"मी खात्री विचारली. म्हणजे तसं न होण्याचीही शक्यता होती?"

"हो, पण..."

"आभारी आहे."

झालं. आपण त्या "पण"च्या पुढे काय म्हणणार होतो, हे चिमी घरी येईपर्यंत पुटपुटत होती. निकाल विरुद्ध गेला. ज्याची खात्री तज्ज्ञालाही नव्हती ते कंपनीला कसं कळणार, असं निकालात लिहिलं होतं. बेकरीवाल्याच्या बायकोने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. डाव्या हाताने चहा ओतत ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही खरं बोललात. पण ते तिथे खोटं झालं." चिमीला ते फार लागलं.

महिन्याभरात तिने लॉ कॉलेजात प्रवेश घेतला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "एक निकाल विरुद्ध गेला म्हणून कोणी वकील होतं का? उद्या दात दुखला तर डेंटिस्ट होशील!" वर्गात सगळी तिच्या निम्म्या वयाची मुलं. पहिल्याच परीक्षेत तिने निष्काळजीपणावरच्या उत्तरात आलेख काढला. प्राध्यापकांनी बाजूला लिहिलं, "उत्तर बरोबर. चित्राची गरज नव्हती." पण हेच सर पुढे तिचे मार्गदर्शक झाले. वर्गाबाहेरही ते कलमांतच बोलायचे, म्हणून मुलं त्यांना कलमकाका म्हणत.

पदवी झाली आणि तिने विद्यापीठात नव्या संशोधनाचा प्रस्ताव दिला. विषय एकच: विज्ञानाचा अंदाज कायद्यात जबाबदारी कधी होतो? खगोलभौतिकीचे विभागप्रमुख म्हणाले, यात समीकरणं कमी आणि कलमं जास्त आहेत, कायद्याकडे जा. कायद्याचे म्हणाले, कलमं कमी आणि समीकरणं जास्त आहेत, खगोलाकडे जा. सार्वजनिक धोरण विभागाच्या बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "पण यात सामान्य माणूस कुठे आहे?"

"बेकरीत," चिमी म्हणाली.

ती तीन दारांमधला चेंडू झाली होती. शेवटी कलमकाकांनी विद्यापीठाच्या नियमांतलं एक विसरलेलं कलम शोधून काढलं. तीन विभागांनी मिळून एक विद्यार्थी घेता येत होता. नियम होता, पण तोवर कोणी वापरला नव्हता.

पुढची वर्षं मी जवळून पाहिली, कारण आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग तिच्या कागदांनी बळकावला होता. एका बाजूला पडलेल्या उपग्रहांची गणितं, सूर्याचा अंदाज काय होता आणि प्रत्यक्षात काय झालं. दुसऱ्या बाजूला धरणांचे, जहाजांचे, दवाखान्यांचे जुने खटले. एका सकाळी ती पोळी हातात तशीच धरून म्हणाली, "वहिनी, मी उलटं बघत होते गं! मला वाटायचं, आपला अंदाज पुरेसा पक्का नाही. पण कायद्याने पक्कं कधी मागितलंच नाही. पाऊस नक्की येणार म्हणून धरणाचा अधिकारी दारं उघडत नाही. इशारा आला म्हणून उघडतो. नाही उघडली, तर कोर्ट त्याला जबाबदार धरतं. मग उपग्रहवाल्यांना वेगळा न्याय का?"

"मग इशारा केवढा मोठा हवा?" मी विचारलं. गणिताच्या बाईंना आकडा लागतोच.

"तेच तर काढायचंय!" ती म्हणाली आणि पोळी विसरून लिहायला बसली.

मधल्या काळात बेकरीवाल्याने अपील केलं होतं. ते वरच्या कोर्टात सुनावणीला आलं, तेव्हा चिमीचे दोन लेख छापून आले होते. न्यायाधीशांनी ते वाचले होते आणि कोर्टाला मदत करायला तिला बोलावलं. समोर तेच उंच, शांत वकील.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आता तरी तुमची खात्री आहे का?"

"नाही," चिमी म्हणाली. या वेळी तिचं बोलणं कोणी तोडलं नाही. "खात्री कधीच नसते. उपग्रह खाली येणार याची खात्री झाली, तेव्हा कोणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. पण इशारा मिळाला, तेव्हा त्या टाकीत इंधन शिल्लक होतं. ते वापरून उपग्रह समुद्रात उतरवता आला असता. ते इंधन उपग्रह आणखी काही महिने कामात ठेवण्यासाठी वापरलं गेलं."

मधल्या खुर्चीतल्या न्यायाधीश बाईंनी मान वर केली. "हे कंपनीला मान्य आहे?"

वकिलांनी कागद चाळले. शेजारच्या माणसाशी कुजबुजले. पुन्हा चाळले. "मान्य आहे," ते म्हणाले, आणि खाली बसले.

निकाल बेकरीवाल्याच्या बाजूने लागला. इशारा मिळूनही हात बांधून बसणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायाधीशांनी लिहिलं आणि त्याखाली चिमीच्या लेखाचा संदर्भ दिला. कोर्टाच्या पायऱ्यांवर बेकरीवाल्याच्या बायकोने तिला मिठी मारली. दोन्ही हातांनी. मग आम्ही सगळ्याच रडलो, आणि माझा नवरा दुसरीकडे बघत नाक शिंकरत राहिला.

त्यानंतर मंत्रालयातून बोलावणं आलं, उपग्रहांबद्दलच्या नव्या नियमाचा मसुदा करायला. वर्षभर समित्या, बैठका, कंपन्यांची कुरकुर. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला तिन्ही विभाग हजर होते आणि आता प्रत्येकाला ती आपली विद्यार्थिनी वाटत होती. फोटोत तिच्या शेजारी कोणी उभं राहायचं यावर विभागप्रमुखांत इतकी ढकलाढकली झाली, की कलमकाका म्हणाले, "यासाठी मात्र कलम नाही हो!" सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना एक शब्द कळला नाही, तरी प्रत्येक उत्तराला टाळ्या वाजवत होत्या.

नियम लागू झाला. सूर्याचा अंदाज चिमीने काढून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की उतरवण्यापुरतं इंधन राखून ठेवायचं आणि उपग्रह वेळेत समुद्रात आणायचा. पडला तर भरपाई, आपल्या देशात असो वा परक्या.

गेल्या हिवाळ्यात मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत माझा फोन वाजला.

"वहिनी, उतरला! आज सकाळी, थेट समुद्रात. आपल्या नियमाखालचा पहिला!" चिमी इतक्या जोरात ओरडत होती, की फोन कानापासून लांब धरावा लागला. मीही ओरडले. मुख्याध्यापिका धावत आल्या.

"काय झालं? कोणाला काय झालं?"

"कोणाला काही झालं नाही!" मी म्हणाले, आणि त्यांचेच दोन्ही हात धरून त्यांना गरकन फिरवलं.