उंबऱ्याबाहेरचा हात

"हात खाली घ्या, हवालदार. उगाच दुखेल."

तालुका लोकल बोर्डाच्या अध्यक्षांनी हे वाक्य भर सभेत उच्चारले, तेव्हा माझा उजवा हात वर होता. सभा आत होती. मी बाहेर होतो. कचेरीच्या ओटीवर, खिडकीखाली टाकलेल्या बाकापाशी उभा. हात मात्र मी खिडकीच्या गजांना टेकवून धरला होता. दिसला नाही असे मागाहून कोणी म्हणू नये म्हणून.

मतास टाकलेली सूचना माझीच होती. बंदराच्या रस्त्यावरील विहीर बोर्डाने बांधलेली आहे. ती सर्व जातींच्या रहिवाशांस खुली आहे, असा फलक तिच्यावर लावावा. इतकेच. आतले हात समसमान आले. माझा धरला असता तर सूचना मंजूर. न धरला तर अध्यक्षांचे जादा मत निर्णायक, आणि ते कोणीकडे पडणार हे ओटीवरच्या कुत्र्यासही ठाऊक होते.

सभासदांत एक नाखवा होता. चार मचव्यांचा मालक, किनाऱ्यावर वाऱ्याविरुद्ध ओरडून घसा मोठा झालेला. तो म्हणाला, "रावसाहेब, यो भायेरचा हात पन धरा ना."

"नाखवा, सभा उंबऱ्याच्या आत असते," अध्यक्ष म्हणाले. "बाहेर बसेल तो श्रोता."

सभा हसली. मग माझ्याकडे मान वळवून अध्यक्षांनी माझ्या हाताच्या दुखण्याची काळजी केली. सूचना नामंजूर झाली.

मी श्रोता नव्हतो. सरकारने नेमलेला सभासद होतो. सुधारणा आल्या, लोकल बोर्डांत निवडणुका आल्या, अध्यक्षही लोकांनी निवडलेला असावा असे ठरले. पण मत कोणास? जमीनमहसूल भरील त्यास. आमच्या तालुक्यात जमीन खोतांची. म्हणून निवडून आले खोत, त्यांचे वकील आणि त्यांच्या पेढीवर ऊठबस असलेले लोक. आणि अध्यक्ष झाले ते सर्वांत मोठे खोत. रस्ता त्यांच्या बागेपर्यंत पक्का झाला. शाळा त्यांच्या देवळाच्या ओवरीत भरली. स्थानिक स्वराज्य ते हेच. आम्हांस निवडून येणे शक्यच नव्हते, म्हणून आमच्या जातींचा एक माणूस सरकार नेमत असे. पलटणीतून निवृत्त झालेला, लिहिता-वाचता, महारवाड्यातला म्हणून माझे नाव गेले. हुकूम आला. मोहोर होती. मी तो वाड्यात वाचून दाखवला तेव्हा म्हाताऱ्यांनी कागदाला हात लावून पाहिला.

पहिल्या सभेस मी पलटणीतला कोट घालून, बूट घासून गेलो. पट्टेवाल्याने पायरीवर अडवले. आणि अध्यक्ष स्वतः बाहेर आले. शिवी दिली असती तर मी सरळ आत गेलो असतो. ते गोड बोलले.

"हवालदार, तुम्ही शहाणे गृहस्थ. आत चहा होतो, फराळ होतो. चार म्हातारी माणसे आहेत, त्यांचा धर्म कशाला बाटवता? तुमच्यासाठी मुद्दाम नवीन बाक करवून घेतले आहे. खिडकी उघडी ठेवतो. सारे ऐकू येईल."

नवीन बाक. फणसाचे लाकूड, सुताराने रंधा मारून गुळगुळीत केलेले. माझ्यासाठी. मी त्यावर बसलो.

पुढे त्या खिडकीचीच रीत झाली. कार्यक्रमपत्रिका पट्टेवाला गजाच्या आत कट्ट्यावर ठेवी आणि हात मागे घेई. मग मी उचलायची. मी बोलू लागलो की अध्यक्ष सभेस सांगत, "खिडकीतून काही तरी येत आहे, ऐकून घ्या." पुढे "खिडकीचे सभासद" हे माझे नावच पडले. पावसाळ्यात ओटीवर झड येई, तेव्हा पट्टेवाला खिडकी लावून घेई, आतील जाजम भिजू नये म्हणून. आत ठराव होत. मी बाहेर भिजत असे. माझ्या तालुक्याचा कारभार मी लाकडी फळीवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात ऐकला आहे.

हे मी का सोसले? पाण्यासाठी. आमच्या वाड्याला पिण्यास खाडीच्या बांधालगतचा एक झरा. शिमगा सरला की त्याला खार चढे. डाळ शिजत नसे. मुलांचे ओठ फुटत. मग बायका बंदराच्या विहिरीवर जाऊन बसत. विहिरीवर नव्हे, तिच्यापासून दूर, रस्त्याच्या कडेला. कोणी दयाळू माणूस आला तर उंचावरून घागरीत धार सोडी. कोणी न आला तर उन्हात बसायचे. माझी पत्नी त्यांत असे. मला वाटे, नम्रपणे बाकावर बसलो तर एखाद्या दिवशी त्या बाकावरून माझी सूचना मंजूर होईल.

सूचना पडली त्या दिवशी मी घरी आलो. पत्नीने विचारले, "काय झालं?"

"हात धरला नाही."

"कुनी?"



मी कायदा काढून बसलो. लोकल बोर्डांचा कायदा, सरकारी छापील प्रत. सभासद कोणास म्हणावे, हजर कोणास म्हणावे, मत कसे घ्यावे, कलमांमागून कलमे वाचली. त्यात उंबरा नव्हता. खिडकी नव्हती. बाक नव्हते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असे मुंबईच्या कौन्सिलाने आधीच ठरवले होते, तेही वाचले. मी अध्यक्षांस पत्र लिहिले. उत्तर नाही. पुन्हा लिहिले. उत्तर नाही. मग जिल्ह्याच्या साहेबांकडे अर्ज केला. तिकडून उत्तर आले, इंग्रजीत, अत्यंत सभ्य: सभासदांच्या बसण्याची व्यवस्था हा बोर्डाचा अंतर्गत प्रश्न आहे, अध्यक्षांशी सलोख्याने मिटवावा.

सलोखा. बाक हाच तर त्यांचा सलोखा होता.

पुढच्या सभेस मी ओटीवर थांबलो नाही. पट्टेवाला "अहो, अहो" म्हणाला तोवर बुटांचा आवाज जाजमावर बंद झाला होता. नाखव्याशेजारी एक खुर्ची रिकामी होती. मी तीवर बसलो आणि म्हणालो, "सभासद हजर आहे."

कोणी ओरडले नाही. कोणी अंगावर आले नाही. तशी अपेक्षा मी केली होती. तिची तयारीही केली होती. घडले ते निराळेच. एक वृद्ध सभासद उठले, उपरणे सावरले आणि बाहेर गेले. त्यांच्यामागे दुसरे. मग वकील, हातातल्या घड्याळाकडे पाहत. विहिरीच्या सूचनेस ज्यांनी माझ्या बाजूने हात वर केले होते, तेही उठले. विहिरीस हात देणे वेगळे आणि मांडीला मांडी लावणे वेगळे, हे मला त्या दिवशी कळले. शेवटी नाखवा राहिला. तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. एक पाय आत, एक बाहेर.

"मी बसलो असतो, हवालदार," तो खाली पाहून म्हणाला. "पन मचवे रावसाहेबांच्या बंदरात लागतान. मना धंदा हाय."

अध्यक्ष दारातून म्हणाले, "गणसंख्या नाही. सभा तहकूब."

मी रिकाम्या खोलीत बसून होतो. मग उठलो. पायरी उतरून रस्त्यावर आलो आणि मागे पाहिले. पट्टेवाल्याने माझी खुर्ची ओटीवर आणली होती. तो तिच्यावर घागर ओतत होता. पाणी कोठले? बंदराच्या विहिरीचे, कचेरीत दुसरे पाणी येतच नसे. गोडे, नितळ, बोर्डाचे पाणी. मी बसलो होतो त्या लाकडाला ते मिळाले. माझ्या मुलांना मिळत नव्हते.

तेथे माझ्या आत जे काही मऊ होते ते संपले.

काही दिवसांनी नाखवा वाड्यात आला. अंगणात बसला. अध्यक्षांचा निरोप होता. हवालदारांनी पूर्ववत बाकावर बसावे. बोर्ड महारवाड्यासाठी निराळी विहीर मंजूर करील. जागाही पाहून ठेवली आहे, गोडे पाणी लागेल अशी.

पत्नी दारात उभी होती. मी काही बोलण्यापूर्वी ती बोलली.

"घ्या की. पानी काय आत बसून गोड लागतं नि भायेर बसून खारट?"

"प्रश्न बसण्याचा नाही," मी म्हणालो.

"बसन्याचाच हाय. तुमची खुर्ची माज्या डोईवर बसलीय, घागरीच्या वर. तुमी आत जाता, आनि मी बांधावर जाते."

  मी नाखव्याकडे वळलो.

"ठराव मतास येईल तेव्हा माझा हात धरतील?"

"हाताचा काय काम?" नाखवा चांगल्या मनाने म्हणाला. "एकमतानं पास व्हनार हाय. सगला बोलून झालाय."

"माझ्यावाचून एकमत?"

नाखव्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आणि पुढल्या वर्षी ती विहीर बुजवायचे ठरले तर? तेही एकमतानेच ठरेल?"

तो उठला. टोपी झटकली. "मी निरोप्या हाय, हवालदार," म्हणाला आणि गेला.

 पत्नीने घागर उचलली, चुंबळ डोक्यावर ठेवली.

"म्हंजे तुमी असला काय नि नसला काय, त्यांचं एकमतच?"

"होय."

"मग जा आत. बसा." ती पायरी उतरली. "पन घरी येऊन माला कायदा वाचून दावू नका."

ती बांधाकडे गेली. शिमगा होऊन गेला होता.

मी बाकावर परत बसलो नाही. निराळी विहीर झाली नाही. बंदराच्या विहिरीवर फलक लागला नाही. दर सभेस मी आत जातो. ते बाहेर जातात. सभा तहकूब होते. खुर्ची धुतली जाते. अध्यक्ष गावात सांगत फिरतात की एका माणसाच्या हट्टाने तालुक्याचे रस्ते अडले. माझ्या वाड्यातही काही जण तसेच म्हणतात. त्यांच्या घशाला कोरड आहे. त्यांस तसे म्हणण्याचा अधिकार आहे. रावसाहेबांस नाही.

दर तहकुबीनंतर मी पत्र लिहितो. अध्यक्षांस, जिल्ह्यास, मुंबईस. प्रत्येकात तेच लिहितो: सभासद हजर होता; सभा निघून गेली.

पुढील सभेची नोटीस आली आहे. ती पट्टेवाल्याने वाड्याबाहेर दगडाखाली ठेवली होती, मी उचलली. बाक अजून ओटीवर आहे. आता त्यावर पट्टेवाला बसतो. बसो.

खुर्ची धुवायची असेल तर धुवा. सभेनंतर धुवा, सभेपूर्वी धुवा, बंदराची अख्खी विहीर तिच्यावर उपसा. मी ओल्या खुर्चीवर बसेन. आणि हात वर करीन, उंबऱ्याच्या आत.