एका रात्रीपुरती वीज

पाकिटावर छापलेलं पाकिटात असेलच, असं मी आयुष्यात कधी मानलेलं नाही. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी उगवण तपासण्यात गेली. ओल्या कागदात दाणे मोजून गुंडाळायचे, उबेला ठेवायचे आणि किती उगवले ते बघायचं. ही सवय मी घरीही घेऊन आलो. भाजीवालीचा तराजू, डॉक्टरचं बिल, पाहुण्याने केलेली स्तुती, सगळ्याकडे मी डोळे बारीक करूनच बघतो. बायको म्हणते, ‘‘तुम्हाला देव भेटला तरी आधी त्याचं आधार कार्ड मागाल.’’

अशा माणसावर बॅटरीचा डबा विकत घ्यायची वेळ आली. दुकानात त्याला पॉवर स्टेशन म्हणतात. पॉवर स्टेशन म्हटलं की मला परळीच्या उंच चिमण्या आठवतात, आणि हे तर टिफिनसारखं कडी धरून उचलायचं. नावापासूनच मला शंका होती.

डबा का हवा होता, हे सांगायची मला लाज वाटत होती. झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो. त्यामुळे रात्री नाकावर मास्क, त्याला लांब नळी आणि उशाशी हवा ढकलणारी मशीन, असा सगळा सरंजाम लावून मला झोपावं लागतं. पहिल्या दिवशी आरशात बघितलं तर सोंड फुटलेला म्हातारा दिसला. ही गोष्ट बायको आणि डॉक्टर सोडून कुणालाच माहीत नव्हती.

आम्ही चार शाळूसोबती. एकाचं मंठ्याला कापडाचं दुकान, एक बदनापूरला मास्तर होता, तिसरा मी. चौथ्याची जांब समर्थच्या पलीकडे शेती. त्याच्या घरी उर्दू बोलतात, पण शाळेत तो आमच्याच बाकावर बसला आणि गुरुजींचा मार आमच्याच बरोबरीने खाल्ला. दर हिवाळ्यात त्याच्या शेतात हुरडा खायचा आणि रात्री तिथल्याच खोपीत झोपायचं, हे आमचं ठरलेलं. मशीन आल्यापासून मी गेलोच नव्हतो. एकदा पाहुणे आल्याचं सांगितलं, एकदा तर बायकोलाच आजारी पाडलं. पहिल्या वर्षी त्या शेतवाल्याने फोनवर मला कचकचीत शिव्या दिल्या. दुसऱ्या वर्षी नुसतं ‘‘बरं’’ म्हणाला. आणि यंदा त्याचा फोनच आला नाही. चौघांच्या ग्रुपवर एक ओळ आली: ज्याला जमेल त्याने यावं.

त्या ओळीने मी घाबरलो. शिव्या देणारा मित्र परत येतो, ‘जमेल त्याने’ लिहिणारा येत नाही. यंदा गेलो नाही तर मी त्याला कायमचा गमावणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि त्याच्या शेतात वीज म्हणजे फक्त मोटारीची, तीही पाळीने येणारी. माझी मशीन तिच्या भरवशावर चालवणं शक्य नव्हतं.

म्हणून मी दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने डबा काउंटरवर ठेवला आणि त्यावर थाप मारली. ‘‘दीड लाख एमएएच हाये काका. पंखा लावा, टीव्ही लावा, जंगलात जाऊन राहा.’’

आकडा मोठा असला की माझा संशयही मोठा होतो. मी विचारलं, ‘‘वॅट-अवर किती?’’ मशीन तासाला किती खाते आणि डब्यात किती आहे, हे त्याच मापात कळतं, एवढा अभ्यास मी करून गेलो होतो. तो म्हणाला, ‘‘ते कशाला लागतंय? तुम्हाला काय चालवायचं हाये ते सांगा ना.’’

‘‘आहे एक छोटं यंत्र.’’

‘‘कसलं?’’

‘‘छोटं.’’

आता तो माझ्याकडे संशयाने बघायला लागला. ‘‘शेजारच्याची लाइट तोडून काही धंदा करून राह्यले का काका?’’ म्हणाला. मी पिशवीतून घरून आणलेला शंभर वॅटचा पिवळा बल्ब काढला, डब्याला लावला आणि स्टूल ओढून बसलो. बियाणं तपासावं तसा डबा तपासायचा, एवढंच मला येत होतं. त्याने आधी चहा मागवला. नंतर गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसायला लागली. पडद्यावरच्या आकड्यानुसार बल्ब संध्याकाळपर्यंत चालायला हवा होता, तो जेवणाच्या वेळेलाच विझला. ‘‘चार्जिंग कमी असंल,’’ दुकानदार म्हणाला. मी बल्ब पुसून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दुकानात मी बसून बसून स्टूल तापवलं, पण डब्याने दम सोडला नाही. पाठीवर वॅट-अवर स्वच्छ लिहिलेले होते. वीज घरातल्यासारखी शुद्ध लहरीची येते, असं तिथला दुकानदार म्हणाला, म्हणजे नाजूक मशीनला धोका नाही. बॅटरी लोह-फॉस्फेटची, ती जास्त वर्षं टिकते आणि सहसा भडकत नाही. लिहिलेल्यापेक्षा थोडी वीज कमीच मिळाली. कुठे गेली विचारलं तर म्हणाला, ‘‘डीसीची एसी करताना थोडी जातेच साहेब, डबा पण खातो ना.’’ खोटं बोलायची संधी होती, तरी त्याने घेतली नाही. तिथे मी पैसे मोजले.

घरी आल्यावरही मन मानेना. आठवडाभर मी मशीन भिंतीऐवजी डब्यावर चालवली. रात्रभरात साठ टक्के जायचे, चाळीस उरायचे. रोज सकाळी उठल्या उठल्या मी पडदा बघायचो. बायको म्हणाली, ‘‘डब्याची उगवण झाली असंल तर चहा घ्या. अन् मी म्हणते, एवढा कुटाणा कशाला? त्यांना सांगून टाका की. मित्र हायेत, खाऊन टाकणार हायेत का तुम्हाला?’’

पण माझं भय खाण्याचं नव्हतं, हसण्याचं होतं. मंठेकराला एकदा टक्कल पडायला लागल्याचं कळलं, तेव्हा आम्ही वर्षभर त्याला कंगवे भेट दिले होते. त्यात मीच पुढे होतो. शिवाय मशीन लागते म्हणजे आता याचं संपत आलं, असं त्यांच्या मनात आलं तर ते मला सहन झालं नसतं. मी ठरवलं, सगळे झोपले की अंधारात मास्क लावायचा आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं.

डबा गाडीत गोधडीखाली लपवून मी शेतावर पोचलो. शेतवाल्याने मिठी मारली, पण पाहुण्याला मारतात तशी. ‘‘या,’’ म्हणाला. अरे-तुरे करणाऱ्या माणसाने ‘या’ म्हणावं, हे मला लागलं.

आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजत होती, मास्तर तळहातावर ती चोळून दाणे काढत होता. आणि मंठेकर बसायला काही मिळतंय का म्हणून माझ्या गाडीत शोधायला गेला.

‘‘अरे, या बाबानं लाइटच आणली सोबत!’’

पुढचं सगळं पटापट झालं. शेतावर कुणाची वस्तू एकट्याची नसते. डबा आगटीशेजारी आला. चटणी कमी पडत होती, खोपीतला मिक्सर त्याला लागला. तिघांचे मोबाइल लागले. मंठेकराने गाणी वाजवायला ढोलाएवढा स्पीकर आणला होता, तो लागला. दिवस कलला तसा मास्तरने खोपीतून हॅलोजन ओढून आणला. मी दुकानदारावर संशय घेतला, आकड्यावर घेतला, डब्यावर घेतला. हे तिघं माझी रात्र खाऊन टाकतील, एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

हसतमुख राहून मी पडदा बघत होतो. नव्वद. ब्याऐंशी. सूर्य टेकला तेव्हा सत्तरच्या खाली आला. रात्रीला साठ लागणार होते. मी उठलो आणि हॅलोजनची पिन काढली. मग स्पीकरची.

‘‘का रे बाबा?’’ मास्तर म्हणाला. ‘‘बिल येतं का याचं?’’

‘‘चिंगूस झालाय पार,’’ मंठेकर म्हणाला. ‘‘डब्यापायी जीव चालला ह्याचा.’’

मी काहीतरी पुटपुटलो, की आपण अंधारात बसू, चांदणं छान आहे. चांदणं अजून उगवलंही नव्हतं.

तेव्हा शेतवाला त्या ‘या’नंतर पहिल्यांदा बोलला. त्याच्या अम्मीने गावातल्या घरून पाठवलेलं खिचडी अन् चिंचेच्या खट्ट्याची पातेली तो उघडत होता. वर न बघता म्हणाला, ‘‘राहू द्या त्याचा डबा. बांधून न्यायचा असंल. तो कुठं थांबून राह्यला रात्री?’’

ते ऐकलं आणि माझ्यातलं सगळं लपवणं गळून पडलं. मी गाडीकडे गेलो, मशीन आणली, त्यांच्यासमोर ठेवली आणि मास्क नाकावर चढवून दाखवला. ‘‘हे लावल्याशिवाय मला झोपता येत नाही. म्हणून येत नव्हतो. हसा आता.’’

मंठेकर हसायच्या बेतात होता, पण शेतवाल्याकडे बघून थांबला. शेतवाल्याने माझ्या नाकावरचा मास्क काढून घेतला, नळी उलटसुलट करून पाहिली. पाहता पाहता त्याचा चेहरा रागाने लाल झाला.

‘‘बस? इतकंच?’’

‘‘इतकंच.’’

‘‘या नळीपायी तू मला खोटं बोलत आल्ता?’’ त्याचा आवाज फाटला. ‘‘मला काय वाटलं ठाव हाये का? मला वाटलं, आता तुला आमच्यात मुक्काम नको. जमाना तसा झालाय. लोक बोलत न्हाईत, नुसते यायचे बंद होतात. मी म्हणलं, हा पण तसाच निघाला.’’

इतकी वर्षं मी पाकिटाच्या आतलं ओळखायच्या गमजा करत होतो, आणि माझं न येणं त्याच्या अंगणात कसं उगवलं होतं, हे मला कधी दिसलंच नव्हतं. ‘‘तुझ्या मनात असं आलंच कसं?’’ एवढंच मी म्हणालो.

‘‘तू येऊ दिलंस म्हणून आलं,’’ तो म्हणाला. ‘‘गावात माझं घर हाये, घरात इन्व्हर्टर हाये. एकदा विचारलं असतं तर तिथं झोपवला असता तुला.’’

मास्तरने गुपचूप तिन्ही मोबाइलच्या पिना काढल्या. शेतवाल्याने डबा उचलला, खोपीत नेला, आपल्या अंथरुणाशेजारी ठेवला आणि माझी गोधडी त्याच्या पलीकडे टाकली. मग परत येऊन माझ्या ताटात खिचडी वाढायला लागला. बस म्हटलं तरी वाढत राहिला.

‘‘सकाळी जल्दी जाऊ नको,’’ तो म्हणाला. ‘‘घरी यायचं हाये तुला. अम्मी दर साली विचारायची, वो क्यों नहीं आता. यंदा मी तिला सांगून टाकलं, की तो आता आपल्यात खात न्हाई. तिच्यापुढं बसून जेव. खोटंच सांगितलं ना मी, मला तर आता तिला तोंड दाखवायला जागा न्हाई.’’