फ्रान्सची लक्ष्मी

रशियाच्या मदतीनं उभारलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातला माणूस परदेशी निघाला की रशियालाच जायचा. माझ्या बाबांना मात्र फ्रान्सला पाठवलं. का, ते त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. परतताना त्यांनी सर्दी आणि दहा फ्रँकची एक नोट आणली. नोट आईच्या हातात देऊन म्हणाले, "ही तुझ्या चहाची. पुढच्या खेपेला दोघं जाऊ."

बाबा गमतीनं बोलले असतील. आईला गंमत कळायची, पण सोयीची असेल तेव्हाच. तिनं नोट देवघरात ठेवली. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात ती आमच्या रुपयांशेजारी मांडली जायची आणि तिच्यावरच्या विस्कटलेल्या केसांच्या साहेबाला हळदकुंकू लागायचं. हळूहळू तो आमच्या नात्यातला वाटायला लागला. एकदा पावर हाउस भागातल्या बाजारात आई जाड स्वेटर चाचपत उभी राहिली.

"भिलाईत हा कावून पाहिजे तुले?" बाबांनी विचारलं.

"तिकडं थंडी असते ना. तुमीच तं सांगितलं."

बाबांनी मुकाट्यानं स्वेटर घेऊन दिला.

मग शेजारच्या काकांचीही फ्रान्सला जायची पाळी आली. निघण्याआधी ते भेटायला आले आणि देवघराकडे पाहून म्हणाले, "वहिनी, ही नोट तं बंद झाली. आता नाणं चालते तिथं. द्या, बँकेतून बदलून आणतो." साहेबाची कारकीर्द जेमतेम काही वर्षांची निघाली. आमच्या गॅसचा नंबर लागायला त्याहून जास्त वेळ लागला होता.

आईनं बाबांकडे पाहिलं. "दे," बाबा म्हणाले. आईनं पदरानं कुंकू पुसलं, ते पुरतं निघालं नाही, आणि नोट दिली.

काका परतले ते तांबूस, जड नाणं घेऊन. बँकेतल्या बाईनं साहेबाच्या कपाळाला काय लागलं म्हणून विचारलं, असं सांगून ते पोटभर हसले. आम्हीही हसलो. आई तेवढी नाणं तळहातावर घेऊन बसली होती.

"हे आता फाटायचं नाही," बाबा उत्साहानं म्हणाले.

"नोट होती तवा मले वाटे, आपण तिकडं जाणार आहो," आई म्हणाली. "जायचंच असतं तं तुमी ती दुसऱ्याच्या हाती कावून दिली असती?"

काकांनी चपला शोधल्या. मला आईचं फार वाईट वाटलं, आणि बाबांचं त्याहून जास्त, कारण आपल्याला जायचंच नव्हतं, हे तिनं विचारेपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं.