काळुरामचं खळं

काळुराम हा माझा भाऊ. सख्खा, पाठचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. रोह्यापासून पेणपर्यंत कुठल्याही जुन्या खेळाडूला विचारा, वरश्याचा काळुराम कोण, तो सांगेल. नाय सांगितलं तर तो खेळाडूच नव्हता असं धरा. माझं नाव गोविंदा. मी चौथी शिकलेला, बोलतो तसंच लिहितोय. पण दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर अर्धं विसरला असता, म्हणून मीच बसलो.

गोष्ट सत्याहत्तर सालची. दिवाळी झाली, भात कापून शेतं मोकळी झाली, की आमच्याकडं रबरी बॉलच्या मॅची लागायच्या. त्या वर्षी काळुरामनं एका मॅचीत तीन बॉल कुंडलिकेच्या पात्रात घातले. चौथा मिळेना म्हणून मॅच थांबली. बघायला हैबतराव आले होते. ते धाटावच्या एका कंपनीत फोरमन होते आणि कंपनीच्या टीमचे कॅप्टन. त्यांनी काळुरामला बाजूला घेतलं.

"लेदरचा बॉल खेळलायस कधी?"

"व्हय," काळुराम म्हणाला.

कधीच नव्हता खेळला. हातात सुद्धा घेतला नव्हता. मी शेजारीच होतो. म्हटलं, "साहेब, तो लेदरच खेळतो. हे रबरी आपलं गमतीला."

हैबतरावांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "मग फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठला कंपनीच्या ग्राऊंडवर ये. टीममध्ये बसलास तर कामाला लावून घेतो. नाय बसलास तर पुन्हा विचारायला येऊ नको."

घराजवळ आल्यावर काळुराम म्हणाला, "दादा, तू कशाला बोललास?"

"तू कशाला व्हय म्हणालास?"

"माझ्या तोंडातून गेलं."

"मग माझ्या पण तोंडातूनच गेलं."

आता हे काम का पाहिजे होतं ते सांगतो. आमची जमीन दोन भावांच्या संसाराला पुरणारी नव्हती. आमचा बाप, त्याला सगळा गाव दाजी म्हणायचा आणि आम्ही पण दाजीच म्हणायचो, त्यानं ठरवून टाकलं होतं की मार्चात काळुरामनं मुंबईला मामाच्या खोलीवर जायचं आणि मिळेल ते काम धरायचं. काळुरामला जायचं नव्हतं. धाटावची शिफ्ट मिळाली तर सायकलवर जाऊन येता येणार होतं. म्हंजे फेब्रुवारीचा तो एक शनिवार, नायतर मुंबई.

आणि त्याच वेळी आपली टीम ऑस्ट्रेलियाला गेली. पाच टेस्ट. रेडिओ गावात चार होते, पण ऑस्ट्रेलियाचं स्टेशन धरणारा एकच, माझा. सकाळी उजाडायच्या सुमाराला कॉमेंट्री लागायची, सगळी इंग्रजीत आणि वर खरखर. काळुराम सातवी पास, त्याला आकडे आणि 'आऊट' एवढं कळायचं. पुरत होतं तेवढं.

ब्रिस्बेनला आपण सोळा रन्सनी हरलो. सोळा. मी रेडिओवर टॉवेल टाकला. काळुरामनं तो काढला.

"दादा, तिकडची पिच टणक असते. बॉल छातीवर येतो. मला असाच बॉल पाहिजे."

"छातीवर?"

"लेदरचा बॉल असाच येणार ना. आपल्या शेतात रबरी बॉल गुडघ्यावर येत नाय. मी शिकू कुठं?"

तेव्हा आमच्या दोघांची नजर एकाच ठिकाणी गेली. खळ्याकडं. भात झोडून झालेलं, रिकामं. खळं कसं करतात ते शेतकऱ्याला सांगायला नको, पण शहरातल्या माणसासाठी सांगतो. माती खणायची, भिजवायची, चोपण्यानं, म्हंजे लाकडी थापीनं, तीन-चार दिवस चोपायची, मग शेणानं सारवायचं. दाणा पडला तर मातीत न जाता उडाला पाहिजे. आमच्या दाजीच्या खळ्यावर दाणा वीतभर उडायचा. मग बॉल किती उडेल.

दाजीला विचारलं. त्यानं विडी विझवली.

"वाल उपटून आले की मला खळं पाहिजे. तवर काय नाचायचं ते नाचा."

बावीस पावलं खळ्यात मावली नाय, म्हणून एक बाजू बांधापर्यंत वाढवली. काळुराम रोज तिन्हीसांजेच्या आधी ती चोपायचा. चोपणं धरून धरून तळहाताची सालं गेली. लेदरचा बॉल परवडत नव्हता, मी पेणहून कॉर्कचा आणला. कॉर्कचा बॉल म्हंजे दगडाचा भाऊ. पॅड म्हणून गोणपाटात पेंढा भरून पायाला बांधला. आणि बोलिंगला भिकू. भिकू नदीकडच्या वाडीवरचा, आमच्याकडं मजुरीला यायचा. गोफण फिरवून फिरवून त्याचा हात असा झाला होता की झाडावरची ठरवलेली कैरीच पडायची. खळ्याची दुसरी बाजू त्याला दाखवली आणि म्हटलं, तू ऑस्ट्रेलिया.

पहिल्याच दिवशी ऑस्ट्रेलियानं आमच्या माणसाच्या बरगडीत तीन बॉल घातले.

"सोडू का थोडा हळू?" भिकूनं विचारलं.

"तिकडं हळू सोडतात का?" काळुराम म्हणाला.

"मला काय म्हाईत, मी गेलोय का."

काळुरामनं एक नेम केला. आपली टीम सकाळी जेवढा वेळ बॅटिंग करेल तेवढाच वेळ संध्याकाळी आपण उभं राहायचं. आऊट झालो तरी हलायचं नाय, बॉल लागला तरी बसायचं नाय. पर्थला टीम बराच वेळ खेळली, तर ह्याला एक दिवस अंधार पडेस्तोवर उभं राहावं लागलं. तरी पर्थला दोन विकेटनी हरलो. ज्या दिवशी आपली फिल्डिंग असायची त्या दिवशी काळुराम आणि भिकू जागा बदलायचे. मी अंपायर. शिवाय कॉमेंट्री पण मीच करायचो, मराठीत, ती चांगली असायची.

मग मेलबर्न जिंकलो. मग सिडनी, डावानं. दोन-दोन झाले. खळ्यावर सुद्धा बदल दिसायला लागला. काळुराम छातीवरचा बॉल आता मान वळवून सोडून द्यायचा, नायतर पायाच्या बोटांवर उठून खाली दाबायचा. भिकू चिडायला लागला. आणि मी वरश्याच्या नाक्यावर सांगायला लागलो की कंपनीनं आत्ताच त्याचा पगार ठरवून ठेवावा.

इथं माझी चूक येते. आजवर घराबाहेर सांगितली नव्हती. पण भावाबद्दल लिहायचं तर लिहायला पाहिजे.

माझी सासुरवाडी पेणच्या खाडीकडं, धरमतरच्या बाजूला. तिकडचे खारे बांध मी बघितले होते. भरतीचं पाणी आपटतं तरी दगडासारखे उभे. मला वाटलं, खळ्याचा मधला पट्टा ह्या चिखलानं केला तर सिडनीपेक्षा वरचढ पिच होईल. रोह्याला येणारा एक ट्रक ओळखीचा होता. त्यात सहा गोण्या खाडीकाठच्या खाजणातला खारा चिखल आणला. माझी बायको शांती ओटीवरून बघत होती. ती त्या मातीतलीच.

"अवो, त्या चिखलानं बांध होतो. खळं नाय होत."

"तुला क्रिकेटातलं काय कळतं?"

"क्रिकेटातलं नाय कळत. चिखलातलं कळतं."

मी ऐकलं नाय. काळुराम त्या दिवशी नागोठण्याला गेला होता, तो यायच्या आत मी आणि भिकूनं पट्टा थापून टाकला. चार दिवस मस्त दिसला, गुळगुळीत. पाचव्या दिवशी ऊन खाऊन मीठ वर आलं, पांढरं, आणि सगळा पट्टा तडकला. पापडासारखे तुकडे उभे राहिले. बांधाला भरतीचं पाणी रोज मिळतं, तो ओला राहतो. खळ्याला कोण देणार भरती.

ॲडलेडची टेस्ट सुरू झाली त्याच दिवशी. शेवटची टेस्ट, आणि आमच्या शनिवारला आठवडा उरलेला. काळुरामनं तडे बघितले, माझ्याकडं बघितलं, आणि आपली फिल्डिंग असून सुद्धा बॅट घेऊन उभा राहिला. दुसराच बॉल एका तुकड्याच्या कडेला लागून उसळला तो उजव्या अंगठ्यावर. आवाज मला बांधावर ऐकू आला. नख काळं पडलं, अंगठा वांग्यासारखा सुजला.

दाजी धावत आला. आधी अंगठा बघितला, मग वाकून माती चाखली, थुंकला.

"कोनी आनलं हे मीठ?"

काळुराम म्हणाला, "मी सांगितलं होतं दादाला."

खोटं बोलला. माझ्यासाठी. दाजीला पण कळलं. तो एवढंच म्हणाला, "शांते, हळद गरम कर गो."

मी कुदळ घेऊन आलो, पट्टा उकरून टाकू म्हटलं. काळुरामनं डाव्या हातानं कुदळ धरली.

"राहू दे. बॉल कुठून उठेल ते कळत नाय, हेच बरं हाय. ह्याच्यावर टिकलो तर कुठं पण टिकेन."

"अंगठ्याचं काय?"

"अंगठा दांड्यावर नाय ठेवणार. चार बोटांनी धरतो."

दोन दिवस त्याला बॅट उचलता आली नाय. तिसऱ्या दिवशी हळदीचं फडकं बांधून उभा राहिला. भिकूला बॉल टाकवेना. "मी नाय टाकत," म्हणून तो खाली बसला. काळुराम त्याच्यापर्यंत चालत गेला, बॉल त्याच्या हातात दिला आणि परत येऊन उभा राहिला. भिकूनं टाकला.

ॲडलेडला आपल्याला चारशे त्र्याण्णव करायचे होते. एवढे कोणी करत नाय. मी म्हटलं, दोन दिवसांत गुंडाळतील. पण आपली पोरं खेळत राहिली. एक गेला की दुसरा उभा. सहाव्या दिवसापर्यंत गेली मॅच. शुक्रवारची सकाळ, दाजी सुद्धा वालाच्या शेतात जायचा राहून रेडिओजवळ बसला. त्याला इंग्रजीतला एक पण आकडा कळत नव्हता, तो काळुरामच्या तोंडाकडं बघून स्कोअर ओळखत होता. चारशे पंचेचाळीसला सगळे आऊट. सत्तेचाळीस रन्सनी हरलो. टूर पण गेली, तीन-दोन.

मी रेडिओ बंद केला.

दाजी म्हणाला, "हरले काय?"

"हरले," काळुराम म्हणाला. "पन चारशे पंचेचाळीस केले, दाजी. चौथ्या डावात."

त्या संध्याकाळी तो नेमाप्रमाणं टीम खेळली तेवढाच वेळ उभा राहिला. मग बॅट धुतली आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही धाटावला. मी, तो आणि भिकू. मॅट अंथरलेली, वीस-बावीस पोरं पांढऱ्या कपड्यांत. काळुरामच्या पायात माझी पँट, खाली दुमडलेली. हैबतरावांनी फडकं बघितलं.

"हे काय?"

"लागलं."

"मग पुढच्या वर्षी ये."

"पुढच्या वर्षी मी मुंबईला असेन, साहेब. आजच टाका."

हैबतराव स्वतः बोलर. त्यांनी खरा लेदरचा बॉल घेतला आणि पहिलाच छातीवर. काळुरामनं मान वळवली, बॉल गेला. दुसरा मॅटच्या घडीवर पडून वाकडा उठला, ज्यावर आधीची तीन पोरं गेली होती. ह्यानं चार बोटांनी बॅट सैल धरली आणि बॉल पायाशी पाडला. खाऱ्या तड्यांवर तो आठवडाभर दुसरं काय करत होता. पंचवीस बॉल ठरले होते. चाळीस टाकले. रन्स काढायला हातात जोर नव्हता, मारलं एक पण नाय. आऊट झाला नाय.

हैबतराव घाम पुसत आले. "मारता येत नाय तुला?"

"अंगठा बरा झाला की येईल."

ते म्हणाले, "चौदा जणांत घेतो, अकरात नाय. काम बदली म्हणून. कोणी रजेवर गेला की तुझी शिफ्ट. चालेल?"

"चालेल."

मी तोंड उघडलं, साहेब, बदली कशाला, कायमच करा म्हणून. काळुरामनं माझ्या पायावर पाय दिला.

मुंबई टळली होती, बारा वाजायच्या आत आम्ही घरी. शांतीनं भाकरी वाढायला घेतली, तर हा तसाच खळ्यावर गेला आणि डाव्या हातानं फावडं धरून खारा पट्टा उचलायला लागला. दाजीचे वाल चार दिवसांत येणार होते. मी टोपली घेतली. भिकू दुसरी घेऊन आला. नदीकडची गोडी माती आणून आम्ही ती भरली आणि काळुराम चोपणं घेऊन बसला.